ईकोला अलार्म लावायचा, पण कोणत्या चोरासाठी?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून एका ताईंचं पत्र आलंय. त्यातला कामाचा भाग असा:

"दादा, मी जेवणाचे डबे करते. रोजचे साठेक डबे मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत जातात, सकाळची भाजी खंडेराव मार्केटमधून येते आणि दोन्हीला गाडी एकच. २०१९ ची मारुतीची ईको व्हॅन, सीएनजी, सेंट्रल लॉक नाही. आमच्या गल्लीत ती शिरत नाही, म्हणून रात्री मोठ्या रस्त्याला उभी असते. घरातून दिसतही नाही. गेल्या महिन्यात तिथेच उभ्या असलेल्या दुसऱ्या एका ईकोचा सायलेन्सर रात्रीतून गेला. मुलगा म्हणतो, रिमोटचा अलार्म, सेंट्रल लॉक आणि इंजिन कट असं पॅकेजच बसवून टाकू. दुकानदाराने ८,५०० रुपये सांगितलेत. आमचे हे म्हणतात, उगाच खर्च, गिअर लॉक पुरे. मेकॅनिक म्हणतो, अलार्मने बॅटरी उतरते. आणि गाडी ज्यांच्या घरासमोर असते ते काका म्हणतात, रात्री ती किंचाळली तर मीच काच फोडीन. काय करू?"

ताई, काकांचं मत सोडलं तर बाकी सगळे आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त प्रत्येक जण वेगळ्याच चोरीबद्दल बोलतोय. मुलाच्या डोळ्यांसमोर अख्खी गाडी पळवणारा चोर आहे. तुमच्या मनात खाली सरपटणारा, सायलेन्सर काढणारा. मेकॅनिकला चोराशी देणंघेणं नाही, त्याला सकाळी ढकलत आणलेल्या गाड्या आठवतायत. बाजारात मिळणारा अलार्म यांतल्या एकाही चोराला पूर्ण पुरा पडत नाही. तो सगळ्यात चांगला चालतो तो दार उघडून किंवा काच फोडून आतली वस्तू उचलणाऱ्यावर, आणि त्याचा तर तुमच्या पत्रात उल्लेखच नाही.

आधी सायलेन्सरचं बघू, कारण पत्र त्या धास्तीपायीच लिहिलंय.

चोराला त्यातलं लोखंड नको असतं. सायलेन्सरच्या जोडणीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर. धुरातले विषारी वायू कमी करायचं काम हा थर करतो. प्रमाण ग्रॅममध्ये, पण किमतीत हे धातू सोन्या-चांदीच्या पंगतीला बसतात. चोर आतली जाळी काढून विकतो आणि रिकामं नळकांडं फेकून देतो. काही वर्षांपूर्वी गुजरातेत या चोऱ्यांचं पेवच फुटलं होतं आणि त्यात ईको पुढे होती. कारण सरळ आहे. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली, एक्झॉस्टचे, म्हणजे धुराच्या नळीचे, नट खालून हाताला लागतात. बऱ्याचदा जॅक लावायचीसुद्धा गरज पडत नाही. पाना घेतला आणि आडवं झालं की झालं.

आता अलार्मला हे कळणार कसं? दार उघडलं तर त्याला कळतं, कारण दाराच्या दिव्याच्या स्विचवरून त्याला तार दिलेली असते. चावी फिरली तर कळतं. गाडीला दणका बसला तर शॉक सेन्सरला कळतं. पण पान्याने सावकाश नट फिरवणं म्हणजे दणका नव्हे. सेन्सर इतका हळवा करून ठेवला की पान्याची हालचालही पकडेल, तर शेजारून गेलेल्या प्रत्येक बसला तो बोंब मारणार. दोन रात्रींत तुम्हीच त्याचा गळा दाबाल. म्हणून दुकानदार "बेन, चिंता नहीं करवानी, साइलेन्सर पण सेफ" (ताई, काळजी नको, सायलेन्सरसुद्धा सेफ) असं म्हणाला असेल, तर हसून सोडून द्या.

सायलेन्सरला लागतो तो पिंजरा. कन्व्हर्टरभोवती बसणारी लोखंडी जाळी किंवा जाड पट्ट्यांचा गार्ड तयार मिळतो, नाहीतर चांगला फॅब्रिकेटर करून देतो. तो चासीला बोल्टने घट्ट बसवायचा आणि ते बोल्ट साध्या पान्याचे नकोत. आवळताना डोकं तुटून जाणारे बोल्ट मिळतात, ते घ्या. काही गॅरेजवाले सांगतात, नटांवरच वेल्डिंगचा टाका मारून टाकू. मला ते पटत नाही. पुढे कधी एक्झॉस्टचं काम निघालं की ग्राइंडर चालवावा लागतो, आणि तुमची गाडी सीएनजीची. वेल्डिंग करायचंच असेल तर गार्ड बाहेर टेबलावर वेल्ड होऊ दे, गाडीला नुसता बोल्टने लावू दे. त्याच खेपेला कन्व्हर्टरच्या बाहेरच्या पत्र्यावर गाडीचा नंबर कोरून घ्या. चोरी त्याने थांबत नाही, पण कोरलेला माल घेताना भंगारवाला दोनदा विचार करतो. आणि गाडी लावताना ज्या बाजूला एक्झॉस्ट जातो ती बाजू भिंतीला जितकी चिकटवता येईल तितकी चिकटवा. याला खर्च शून्य.

इथपर्यंत आलात की तुमची मोठी काळजी मिटली आणि त्यात अलार्मचा एक रुपयाही नाही. मग अलार्म घ्यायचा का? घ्या, पण वेगळ्या कारणासाठी आणि वेगळ्या पद्धतीने.

गाडी घरातून दिसत नाही असं तुम्ही लिहिलंय, आणि माझ्या मते सगळ्या पत्रात वजनदार वाक्य तेच आहे. सायरन कितीही मोठा असला तरी तो ऐकून उठणारं माणूस हवं. ते माणूस तुम्ही नाही, काका आहेत, आणि काकांनी आपली भूमिका स्पष्ट केलेली आहे. नवरात्रात वडोदऱ्यात रात्री सायरन वाजला तर गरब्याच्या ढोलात तो कुणाच्या कानी पडणार? उत्तरायणात गच्चीवरून कापलेली पतंग आणि तिच्यामागे धावणारी पोरं गाडीवर आदळतात, तेव्हा तर सायरनकडे कुणी मान वळवूनही बघत नाही. म्हणून तुम्हाला नुसत्या आवाजाचा अलार्म उपयोगाचा नाही. तुमच्या फोनची घंटी वाजवणारी वस्तू हवी. सिम घातलेला जीपीएस ट्रॅकर गाडी हलली, इग्निशन चालू झालं किंवा बॅटरीची तार निघाली की फोनवर कळवतो. घेताना तीन गोष्टी विचारा. आत स्वतःची छोटी बॅटरी आहे का, कारण चोर आधी गाडीची बॅटरी काढतो. नुसता मेसेज येतो की फोनही येतो, कारण रात्री दोनला मेसेज कोण वाचणार? आणि सिमचं नि सेवेचं वार्षिक भाडं किती, कारण दुकानदार फक्त पहिल्या वर्षाचं बोलतो. मेकॅनिक गाडीचे दोष तपासायला यंत्र लावतो त्या सॉकेटमध्ये खुपसायचा ट्रॅकर घेऊ नका. तो काढायला दोन सेकंद लागतात. तारेने जोडायचा, डॅशबोर्डच्या आत खोल लपवलेला घ्या, आणि तो कुठे बसवलाय हे ड्रायव्हरलासुद्धा सांगू नका.

आता मुलाचं पॅकेज. त्यातला प्रत्येक तुकडा वेगळा बघावा लागेल.

सेंट्रल लॉक. ईकोची मागची दारं सरकती. पुढच्या दारात मोटर बसवणं सोपं, तार बिजागरीपाशी रबराच्या नळीतून जाते. सरकत्या दाराला बिजागरीच नाही, त्यामुळे तिथे तार नेणं कटकटीचं, आणि रोज साठ डब्यांची चढ-उतार म्हटली की तिथली जोडणी सगळ्यात आधी सैल होणार. दुकानदाराला आधी विचारा की सरकत्या दारांचं तो नक्की काय करणार आहे. "हो जाएगा" हे उत्तर नव्हे. त्याने आधी बसवलेली एखादी ईको दाखवली तर उत्तर.

रिमोट. स्वस्त संचात रिमोट दर वेळी एकच संकेत पाठवतो. तो हवेतून पकडून पुन्हा वाजवायचं यंत्र चोराकडे असतं. चांगल्या संचात दर दाबाला संकेत बदलतो. खोक्यावर "रोलिंग कोड" किंवा "कोड हॉपिंग" असं लिहिलेलं असतं. नसेल तर तो संच परत ठेवायला सांगा, दोनशे रुपये कमी झाले तरी.

इंजिन कट. इथे मात्र मी थोडा हट्टी आहे. अलार्मच्या डबीतून एक रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) जातो आणि गाडीतली एक तार तोडतो. कोणती तार, यावर सगळं अवलंबून आहे. स्टार्टरची तार तोडली तर बंद गाडी चालू होत नाही, इतकंच. टाकीतून इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाची किंवा इग्निशनची तार तोडली तर चालती गाडी बंद पडू शकते. रिले जुना झाला, त्याची खाच ढिली झाली, की चोर नसतानासुद्धा. मकरपुऱ्याच्या रस्त्यावर ट्रकच्या पुढे गाडी बंद पडणं ही सुरक्षा नव्हे. शिवाय सीएनजीवर चालत असताना नुसती पेट्रोलच्या पंपाची तार तोडून इंजिन थांबतही नाही. म्हणजे धोका आहे तो आहेच आणि उपयोगही अर्धाच. स्टार्टरची तार, दुसरी कोणतीही नाही, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या.

त्याआधी एक गोष्ट तुम्ही आज घरीच बघू शकता. चावी "ऑन" करा, इंजिन चालू न करता. डॅशबोर्डवर चावीच्या किंवा कुलपाच्या चित्राचा दिवा क्षणभर लागून विझतो का? विझत असेल तर तुमच्या चावीत चिप आहे आणि कंपनीचा इमोबिलायझर गाडीत आहेच. चिप ओळखल्याशिवाय इंजिनचा संगणक इंजिन चालू ठेवत नाही. मग मुलाच्या पॅकेजमधला इंजिन कट जवळपास दुहेरी खर्च. दिवा दिसलाच नाही तर गाडीच्या पुस्तिकेत बघून खात्री करा.

तारांची जोडणी हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. अलार्मची बदनामी होते ती डबीमुळे क्वचित, तारांमुळे नेहमी. बसवणारा मुलगा स्टिअरिंगखाली आडवा होतो, कंपनीच्या तारेचं वेष्टन दातांनी सोलतो, आपली तार तिला पिळतो आणि वर काळी टेप. वडोदऱ्याच्या मे महिन्यात बंद गाडीत त्या टेपचा डिंक वितळतो, टेप सरकते, तांबं उघडं पडतं. मग कधी हॉर्न आपोआप वाजतो, कधी फ्यूज उडतो आणि गाडी नेमकी डब्यांच्या वेळेला रुसते. तुमच्या गाडीसाठी कपलर-टू-कपलर हार्नेस मिळत असेल, म्हणजे कंपनीचा कपलर (तारांचा प्लग) काढून मध्ये आपला लावायचा, तार कापायचीच नाही, तर तोच मागा. नाही मिळाला तर जोड सोल्डर करून त्यावर आकसणारी नळी चढवायला सांगा. अलार्मला सरळ बॅटरीकडून येणाऱ्या तारेत स्वतंत्र फ्यूज हवा आणि तो बॅटरीच्या जवळ हवा, अलार्मच्या डबीजवळ नव्हे. मध्ये कुठे तार घासून चासीला लागली तर वाचवतो तो फ्यूजच. एअरबॅग असेल तर तिच्या तारा पिवळ्या वेष्टनात असतात, त्यांच्याकडे कुणी बोटही दाखवायचं नाही. आणि सीएनजीच्या नळीला टाय मारून तारा लटकवायच्या नाहीत, मग बसवणाऱ्याला ते कितीही सोयीचं पडो.

काम चालू असताना मुलाला तिथे उभं करा. दुपारच्या गर्दीत नको, सकाळी दुकान उघडताच. आज मोबाइलवर फोटो काढून ठेवलात की कोणता जोड कुठे आहे, तर पुढे कोणताही ऑटो इलेक्ट्रिशियन तुम्हाला दुवा देईल.

मेकॅनिकचा बॅटरीचा मुद्दा खरा आहे, पण तुमच्यासाठी नव्हे. गाडी उभी असतानाही घड्याळ, संगणक, स्टिरिओची आठवण यांना थोडा विजेचा प्रवाह लागतोच. सगळं मिळून ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. चांगला अलार्म त्यात साधारण १५-२० मिलिअँपिअरची भर घालतो. छोट्या पेट्रोल गाडीत ३५ अँपिअर-तासांची बॅटरी धरली, तर ५० मिलिअँपिअरने दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. पूर्ण रिकामी व्हायला महिना लागेल, पण स्टार्टर फिरेनासा व्हायला त्याच्या निम्मेच दिवस पुरतात, बॅटरी जुनी असेल तर त्याहून कमी. तुमची गाडी रोज धावते, त्यामुळे रोज भरते. मेच्या सुट्टीत कोकणात पंधरा दिवस गेलात तर मात्र निघताना निगेटिव्हची तार काढून ठेवा. बसवून झाल्यावर मापून घ्यायला सांगा: निगेटिव्ह तार काढायची, मध्ये मल्टिमीटर जोडायचा, दारं बंद करून गाडी झोपेपर्यंत पाच-दहा मिनिटं थांबायचं, मग आकडा बघायचा. ज्या दुकानात हे करायला नकार मिळतो तिथे बसवू नका.

काकांसाठी: शॉक सेन्सरवर एक बारीक स्क्रू असतो, त्याने हळवेपणा कमी-जास्त होतो. दोन टप्प्यांचा सेन्सर मिळाला तर उत्तम. हलका धक्का बसला की नुसती चिवचिव, मोठा बसला तरच पूर्ण सायरन. चांगला अलार्म अर्ध्या मिनिटाने आपोआप गप्प होतो. जो मिनिटामागून मिनिट वाजत राहतो त्याच्या बाबतीत काका बरोबर आहेत. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि सायरन जवळून शंभराच्या वर जातो. एक रात्र काकांच्या समोरच सेन्सर जुळवा, त्यांनाच बोनेटवर थाप मारायला सांगा. त्यांचा फोन नंबरही घ्या, कारण काही झालंच तर पहिला फोन त्यांचाच येणार आहे.

तुमच्या यजमानांचा गिअर लॉक मला मनापासून आवडतो. त्याला बॅटरी लागत नाही, तो गाढ झोपेतही जागा असतो आणि काचेतून दिसतो. वेळ कमी असलेला चोर दिसणारं कुलूप बघून पुढच्या गाडीकडे जातो. तो गिअरच्या दांड्याला घट्ट बसणारा, चासीशी बोल्ट केलेला घ्या. एकच पथ्य आहे: लावायचा कंटाळा आला की तो नुसता दागिना. दिवसाला दहा वेळा गाडी थांबवणाऱ्याला कंटाळा येणारच, तेव्हा दिवसा सोडा, पण रात्री न चुकता लावा.

म्हणजे माझा क्रम असा: सायलेन्सरचा पिंजरा, गिअर लॉक, ट्रॅकर. एवढं झाल्यावर पैसे उरले आणि गाडीत रात्री काही राहत असेल, स्टेपनी, शेगडी, मोठी पातेली, तर साधा अलार्म. सेंट्रल लॉक ही सोय आहे, सुरक्षा नाही. मुलाला हवं तर त्याच्या वाढदिवसाला.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट, आणि ती मला सगळ्यात जास्त टोचतेय. गाडीची पाटी पांढरी आहे का पिवळी, हे पत्रात नाही. पांढरी असेल आणि विमा खासगी गाडीचा असेल, तर त्या पॉलिसीत भाड्याने नेणं आणि मालवाहतूक यांना वगळलेलं असतं. साठ डबे रोज विकायला नेणं हा धंद्याचा माल धरला जाऊ शकतो. गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनीच्या सर्वेअरने, म्हणजे दावा तपासणाऱ्याने, हा प्रश्न विचारला तर तुमच्याकडे उत्तर हवं. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचे पैसे मुळातच मिळत नाहीत. पूर्ण विमा असला तरी एकट्या सायलेन्सरच्या दाव्यात पाच ते दहा वर्षं जुन्या गाडीच्या धातूच्या भागावर ४० टक्के घसारा कापतात, १,००० रुपये तुमच्या खिशातले आणि साचलेला नो क्लेम बोनसही (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो. कधी कधी दावा न करणंच परवडतं. अख्खी गाडी गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. दुसरी चावी कुठे आहे ती आज शोधून ठेवा, कपाटाच्या कुठल्या तरी डब्यात असेल. वाहनचोरीची ई-एफआयआर गुजरातेत २०२२ च्या जुलैपासून ऑनलाइन नोंदवता येते. नुसता सायलेन्सर गेला तर मात्र पोलीस ठाण्यात जावं लागेल.

एआरएआयने (वाहनांची तपासणी करणारी पुण्याची संस्था) मान्यता दिलेलं चोरीविरोधी उपकरण बसवलं तर जुन्या मोटर टॅरिफपासून, म्हणजे वाहनविम्याच्या दरपत्रकापासून, चालत आलेली सवलत काही कंपन्या अजून देतात: स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये. दुकानदाराकडे मान्यतेचं प्रमाणपत्र मागा. पाचशेच्या लोभाने महागडा संच मात्र घेऊ नका. आणि पाटीचा विषय अलार्म बसवण्याच्या आधी एजंटशी बोलून मिटवा. पॉलिसीचं नूतनीकरण कधी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. या महिन्यात असेल तर गाडी दुकानात नेण्याआधी एजंटकडे जा.